झुकलेला पूल: प्लास्टिकच्या विटांच्या एका मोठ्या प्रतिकृतीचा प्रकरण अभ्यास

आम्ही तिघांनी स्कॉटलंडमधल्या फोर्थ पुलाची प्रतिकृती खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांनी बांधली. प्रदर्शनाला पाच आठवडे उरले असताना ती झुकायला लागली. तेव्हा काय काय पर्याय होते, कोणता का घेतला आणि कुठे चुकलं, हे इथे सविस्तर मांडतो आहे. मोठ्या मॉकमध्ये (स्वतःच्या आराखड्यावरून बांधलेल्या प्रतिकृतीत) हात घालणाऱ्या कुणालाही आमच्यासारखीच अडचण येऊ शकते. सोबतच्या दोघांची नावं देत नाही. आम्ही एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतो तीच वापरतो: दादा आणि ताई.

पार्श्वभूमी

दादा आमच्यात सगळ्यात थोरले. आराखडा त्यांचा. संगणकावर एकेक तुकडा बसवत त्यांनी तीन महिने काम केलं. तुकड्यांचा मोठा साठा ताईंचा. रंगानुसार आणि आकारानुसार लावलेल्या डब्यांतून त्यांना हवा तो तुकडा मिनिटभरात सापडतो. माझ्याकडे जुळणी, वाहतूक आणि मोजमाप ही कामं होती.

फोर्थ पूल 1890 मध्ये सुरू झाला. जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर हे त्याचे अभियंते. 1879 च्या डिसेंबरात वादळात टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट कोसळला आणि त्यानंतर फोर्थवर नियोजित असलेला झुलता पूल रद्द झाला. त्याच्या जागी जो उभा राहिला तो अवाढव्य, पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखा पूल आहे. मनोरे पायथ्याशी रुंद आणि वर निमुळते. प्रत्येक मनोऱ्यातून दोन्ही बाजूंना पोलादी बाहू निघतात, आणि समोरासमोरच्या दोन बाहूंच्या टोकांवर मधला छोटा गाळा (पुलाचा दोन आधारांमधला भाग) टेकवलेला असतो. दोन बाहू आणि हा छोटा गाळा मिळून एक मोठा गाळा होतो. अशा दोन मोठ्या गाळ्यांपैकी प्रत्येकाची लांबी 521 मीटर.

आम्ही 1:200 हे प्रमाण घेतलं, कारण त्यात मापं विलक्षण जुळत होती. खऱ्या पुलाच्या खालच्या मुख्य नळ्यांचा व्यास 12 फूट, म्हणजे 1:200 मध्ये 18 मिमीच्या आसपास. 2×2 स्टडची (विटेच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात) गोल वीट 16 मिमीची असते, आणि तिच्या मधोमध टेक्निक या यांत्रिक तुकड्यांच्या मालिकेतला ॲक्सल, म्हणजे दांडा, जाईल असं भोक असतं. विटेची उंची 9.6 मिमी आणि एका स्टडमागे रुंदी 8 मिमी, म्हणून दहा विटांची उंची बरोबर बारा स्टडइतकी, 96 मिमी, भरते. बारा स्टड लांबीचा ॲक्सल दहा गोल विटांमधून काठोकाठ जातो. हे लक्षात आलं त्या दिवशी दादांनी रात्री साडेअकराला फोन केला होता. असं काही जुळून आलं की या छंदातल्या माणसाला झोप लागत नाही.

एका बाहूची लांबी 130 स्टड आली, मधल्या गाळ्याची 66. दोन बाहू आणि मधला गाळा मिळून 326 स्टड, म्हणजे 2 मीटर 61 सेंमी. मनोऱ्यांची उंची 55 सेंमी. एकूण सुमारे 9,000 तुकडे.

इथेच एक निर्णय झाला आणि त्या वेळी तो निर्णय आहे हेसुद्धा आम्हाला कळलं नाही. प्रदर्शनात साडेतीन मीटरची जागा मिळणार होती आणि गडद लाल रंगाचे तुकडे मोजकेच होते. म्हणून दोन मनोरे आणि त्यांच्या मधला एकच गाळा बांधायचं ठरलं. मनोऱ्यांच्या बाहेरच्या अंगाचे बाहू गाळले. चित्र कापावं तसा आम्ही पूल कडेनं कापला. पडद्यावर तो देखणा दिसत होता, आणि पडद्यावर कुठलीच वस्तू पडत नाही.

अडचण

पूल पहिल्यांदा पूर्ण उभा राहिला तेव्हा मी मनोऱ्याच्या पायापासून समोरच्या पायापर्यंत दोरी ताणली आणि बाहूंची टोकं किती खाली आली आहेत ते मोजलं. पहिल्या दिवशी 11 मिमी. थोडा झुकाव येणार हे धरलेलं होतं. इतक्या सांध्यांत प्रत्येकी केसभर ढिलेपणा असला तरी टोकाशी त्याची बेरीज दिसतेच.

सहाव्या दिवशी तेच माप 19 मिमी झालं.

ही वाढ पहिल्या आकड्यापेक्षा जास्त गंभीर होती. एकदा खाली येऊन थांबलेली वस्तू आणि रोज थोडी थोडी खाली येणारी वस्तू यांत फरक आहे. या विटा एबीएस प्लास्टिकच्या. सतत भाराखाली हे प्लास्टिक अगदी सावकाश रूप बदलत राहतं. विटा नुसत्या एकमेकींवर दाबल्या जात असतील तर त्याचा उपद्रव जवळजवळ नसतो, कारण दाबाला वीट फार दणकट असते. पण सी आकाराची क्लिप एखाद्या दांडीला ओढून धरून असेल तर तिचं तोंड दिवसेंदिवस उघडत जातं.

"तीन पावलांवरून दिसत नाही रे," दादा म्हणाले.

"दिसत नाही म्हणून तो थांबणार आहे का?" ताईंनी विचारलं.

त्या दिवशी त्यापुढे बोलणं झालं नाही. तीन महिने आराखडा करून चार महिने बांधलेल्या वस्तूबद्दल 'हे चुकलं आहे' असं ऐकून घेणं सोपं नसतं, आणि बोलून दाखवणंही. आम्ही त्यात पाच दिवस घालवले. हे पाच दिवस मला अजून खटकतात.

कारण शोधताना

आमचा सगळ्यांचा समज होता की दोष बाहूत आहे. झुकतो तो बाहू, म्हणून दुबळाही बाहूच. मी टॉर्च घेऊन एकेक सांधा पाहिला. दोन्ही बाहूंत मिळून 48 क्लिपा होत्या, त्यांपैकी 9 ना बारीक तडे गेलेले दिसले. सगळ्या गडद लाल. गडद लाल आणि तपकिरी रंगांचे जुने, वापरलेले तुकडे ठिसूळ होतात, हा या छंदातल्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे. आमच्या क्लिपा तर आधीच्या दोन-तीन मॉकमध्ये कितीदा लावून काढलेल्या होत्या. तेव्हा कारण सापडलं असं वाटलं.

पण हिशोब जुळत नव्हता. तडकलेल्या क्लिपा बदलल्यावर टोक 3 मिमीच वर आलं.

उरलेल्याचा पत्ता अपघातानं लागला. टेबल पुसताना मनोऱ्याच्या मागच्या बाजूला पायाच्या पातळ तक्त्याखाली कागद सरकला. खरं तर तो सरकायला नको होता. मी साध्या कागदाचे तुकडे एकावर एक घालत गेलो. पंधरा बसले. एका कागदाची जाडी 0.1 मिमी धरली तर तक्ता मागून दीड मिलिमीटर उचलला गेला होता. मनोऱ्याचे मागचे पाय स्टडवरून सुटले नव्हते. ते तक्त्यालाच वर ओढत होते, आणि तक्ता इतका पातळ की फुगवटा घेऊन वर येत होता.

मनोऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत 22 सेंमी अंतर, आणि पुढच्या पायापासून बाहूचं टोक 104 सेंमीवर. मागे दीड मिलिमीटर म्हणजे टोकाला सुमारे 7 मिमी. म्हणजे झुकावाचा मोठा वाटा बाहूबाहेर होता. अख्खा मनोराच पुढे कलत होता.

मग वजनं केली. हे सात महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. मनोरा अडीच किलो, बाहू 900 ग्रॅम, मधला गाळा 450 ग्रॅम. बाहूचा भार आणि मधल्या गाळ्याचा अर्धा भार मनोऱ्याला ज्या जोरानं पुढे पाडू पाहतो, तो मनोऱ्याच्या स्वतःच्या वजनानं मिळणाऱ्या आधाराच्या जवळजवळ दुप्पट भरला. आमचा पूल उभा होता तो मागच्या पायांखालच्या मूठभर स्टडच्या पकडीवर.

हे कळल्यावर दादा बराच वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी एक जुनं छायाचित्र काढलं. या पुलावर काम करणाऱ्यांनी ते पाहिलेलंच असतं, आणि आम्हीही कितीदा पाहिलं होतं. 1887 मध्ये बेकरनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना कँटिलिव्हर म्हणजे काय हे समजावण्यासाठी माणसांचा पूल करून दाखवला होता. दोघं जण खुर्च्यांवर बसलेले, हात दोन्हीकडे ताणलेले, हातांतल्या काठ्या खुर्चीच्या पायथ्याशी टेकवलेल्या. मध्ये एका फळीवर काइची वातानाबे हा तरुण जपानी अभियंता बसला आहे, त्याचा भार दोघांच्या आतल्या हातांवर. हात ओढले जातात, काठ्या दाबल्या जातात. त्या दोघांच्या बाहेरच्या हातांना दोर बांधलेले आहेत आणि दोरांच्या टोकाला दोन्हीकडे विटांचे ढीग.

"आपण हे ढीग कापले," दादा म्हणाले.

आमच्या दोन्ही मनोऱ्यांना एकेकच हात होता. त्या चित्रातल्या माणसांचे बाहेरचे हात सोडवले तर दोघंही वातानाबेसकट पुढे पडतील.

समोरचे पर्याय

चार आठवडे उरले होते. एका बैठकीत पाच पर्याय मांडले. ते सारख्याच वजनाचे नव्हते, त्यामुळे चर्चाही सारखी झाली नाही.

प्रमाण लहान करून नव्यानं बांधणं हा पर्याय दहा मिनिटांत गळला. 1:300 ला गोल विटेची नळी चालत नाही, आणि आराखडा पहिल्यापासून करायला वेळ नव्हता.

चिकटवणं. कायमच्या मोठ्या प्रतिकृती बांधणारे व्यावसायिक कारागीर प्लास्टिक विरघळवून एकजीव करणारं द्रावण वापरतात. त्यानं सांधे सरकायचे थांबले असते. पण निम्म्याहून जास्त तुकडे ताईंचे होते आणि प्रदर्शनानंतर ते परत डब्यांत जायचे होते. शिवाय चिकटवल्यानं मनोऱ्याचं कलणं थांबलं नसतं, एकजीव झालेला पूल एकजीव होऊनच पुढे कलला असता. ताईंनी मात्र हा मुद्दा मांडलाच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जोडलेलं सुटतं म्हणूनच मी हे करते." माझ्या लेखी या छंदाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

नळ्यांतून स्टीलची सळई घालणं हा माझा लाडका पर्याय होता, आणि मी त्यासाठी बराच भांडलो. गोल विटेच्या भोकातून बारीक सळई जाते, बाहेरून दिसत नाही, तुकड्यांना इजा नाही. दादा अर्धे पटले होते. ताईंचा आक्षेप दोन प्रकारचा होता. पहिला तत्त्वाचा: आत लोखंड घालून बाहेर विटांचा पूल म्हणून मांडायचा, हे त्यांना बघणाऱ्याची फसवणूक वाटत होतं. माझं म्हणणं होतं की मोठ्या प्रदर्शनी प्रतिकृतींत धातूचा सांगाडा सर्रास असतो. यावर दोन्ही बाजूंनी खरं बोलता येतं, आणि आम्ही तेवढंच बोलत राहिलो. दुसरा आक्षेप मात्र साधा होता आणि मला त्यावर उत्तर नव्हतं. त्यांनी बाहू माझ्यासमोर आडवा धरला. खालची नळी सरळ नाहीच, ती टप्प्याटप्प्यानं वळत वर जाते. सळई प्रत्येक वळणाशी तुटणार किंवा वाकवावी लागणार. वर दोन सळयांनी प्रत्येक बाहूचं वजन वाढणार, म्हणजे जे मुळात पुढे कलतं आहे त्याच्या टोकाकडे आणखी भार. मी ज्या अडचणीवर उपाय शोधत होतो ती मूळ अडचण नव्हतीच.

मध्यभागी पारदर्शक खांबाचा आधार. हा सगळ्यात सोपा, सगळ्यात खात्रीचा, अर्ध्या तासाचा उपाय. पारदर्शक विटांचा खांब केला असता तर तत्त्वही मोडत नव्हतं. मी आजही याला वाईट पर्याय म्हणणार नाही. ज्यांच्याकडे आठवडाच उरला असेल त्यांनी हाच करावा. आम्ही नाकारला, कारण या पुलात बघण्यासारखं जे काही आहे ते म्हणजे मधला गाळा खालून कशावरच टेकलेला नाही हेच. तिथे खांब लावला की उरते ती पुलाच्या आकाराची शोभेची वस्तू.

पाचवा पर्याय छायाचित्रातलाच: मागचे बाहू बांधायचे आणि त्यांना विटांचे ढीग बांधायचे. अडचण तुकड्यांची आणि लांबीची. पूर्ण लांबीचे बाहू घेतले तर प्रतिकृती पाच मीटरच्या वर जाते. अर्ध्या लांबीचे, 65 स्टडचे, घेतले तर 4 मीटर 10 सेंमी. त्यासाठीही आयोजकांकडे आणखी एक टेबल मागावं लागणार होतं.

अर्ध्या बाहूवर दादा अडले. "अर्धवट बाहू खोटा दिसतो." ताई म्हणाल्या, "आत्ता तर तो मुळीच नाहीये, दादा." बाहू जिथे कापला आहे तिथे टोक न सजवता कापलेलंच दिसू द्यायचं, या अटीवर ते तयार झाले.

काय केलं

तुकड्यांसाठी ताईंनी स्वतःचं विटांचं दीपगृह उकललं. ते दीपगृह आम्ही दोघांनी त्यांच्या घरी कित्येक वर्षं पाहिलेलं होतं. त्यांनी आधी त्याची सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घेतली, मग शांतपणे वरून खाली उकलत आणलं. त्यातून साधे लाल तुकडे मिळाले. मागच्या बाहूंचं दर्शनी अंग उरलेल्या गडद लाल तुकड्यांनी केलं आणि भिंतीकडचं साध्या लाल रंगात.

वजनाचा हिशोब असा झाला. मनोरा नुसता न कलण्यासाठी मागच्या टोकाला 400 ग्रॅम पुरत होते. प्रदर्शनात टेबलाला धक्के बसतात, लोक रेलतात, म्हणून दुपटीपेक्षा जास्त, 900 ग्रॅम धरले. बोटींसाठी मिळते ती वजनदार वीट वापरावी का, असा विचार झाला. पण ताईंकडे बेरंगी, चरे पडलेल्या, कुठल्याच मॉकमध्ये न जाणाऱ्या 2×4 विटांचं एक पोतं पडून होतं. अशी एक वीट सुमारे 2.3 ग्रॅमची. 12×12 स्टडच्या खांबात एका थरात 18 विटा बसतात. 22 थर लावले की 396 विटा, 900 ग्रॅमच्या थोडं वर, आणि उंची 21 सेंमी. आमच्या पुलाखालची मोकळी उंची 23 सेंमी. दोन सेंमीच्या फरकात जोडणीचे तुकडे बसले. दोन खांब, दोन ढीग.

खांबाची ओढ खाली आणताना आधीची चूक पुन्हा होऊ नये म्हणून बाहूचं टोक खांबाला पिनांनी (भोकांत अडकून बसणाऱ्या छोट्या खुंट्यांनी) जोडलं, स्टडवर दाबून नाही. स्टडची पकड आडव्या सरकण्याला उत्तम असते, सरळ वर ओढलं की ती सुटते. खांबाच्या आत मात्र तीच ओढ प्रत्येक थरात 144 स्टडवर वाटली जाते, तिथे काळजी नव्हती. मनोऱ्यांखालचा पातळ तक्ता काढून टेक्निक विटांची चौकट आणि तिच्यावर एकमेकींचे सांधे झाकणाऱ्या प्लेटचे (चपट्या विटांचे) दोन थर असा पाया केला. आता कागद सरकत नव्हता.

उरलं क्लिपांचं काम. बाहूतल्या प्रत्येक तिरप्या काडीबद्दल एकच प्रश्न होता: ती ओढली जाते आहे की दाबली? दादांना गणितानं काढायचं होतं. आम्ही दोरा वापरला. एक काडी काढायची, तिच्या जागी दोरा बांधायचा, आधार हळूच सोडायचा. दोरा ताठ झाला तर ती काडी ओढीची. दोरा ढिला पडून बाहू खाली बसला तर दाबाची. दोन संध्याकाळींत सगळ्या काड्या तपासून झाल्या. ओढीच्या काड्यांच्या क्लिपा काढून तिथे पिनांचे सांधे केले. दाबाच्या ठिकाणी क्लिपा राहू दिल्या, तिथे त्यांचं तोंड उघडायचा प्रश्न येत नाही. 48 पैकी 20 ठिकाणी बदल झाला. पिना काळ्या असल्यानं जवळून ठिपक्यांसारख्या दिसतात. दादांना त्या शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. खऱ्या पुलाला 65 लाख रिव्हेट आहेत, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

मधला गाळा आधी दोन्ही बाहूंत घट्ट जोडलेला होता. तो सोडवला आणि बाहूंच्या टोकांवर नुसता टेकवला, एका बाजूला जागचा न हलणारा, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकू शकणारा. खऱ्या पुलातही मधले गाळे टांगलेलेच आहेत. हे आम्ही निष्ठेपोटी केलं नाही. एबीएस तापमानाबरोबर बऱ्यापैकी वाढतं. तीन मीटर लांबीला दहा अंशांच्या फरकानं दोनेक मिलिमीटर. घट्ट जोडलेल्या पुलात ती वाढ कुठल्या तरी दुबळ्या सांध्यावर निघाली असती. वाहतुकीलाही हे सोयीचं झालं. मनोरे, बाहू, खांब सुटे नेता आले आणि मधला गाळा सगळ्यात शेवटी वरून ठेवता आला.

प्रदर्शनाआधी नऊ दिवस पूल पुन्हा उभा राहिला. टोकाचा झुकाव 4 मिमी. आठवड्यानंतर मोजला तेव्हाही 4.

प्रदर्शनाचे दोन दिवस

आयोजकांनी दुसरं टेबल दिलं, पण दोन टेबलांच्या उंचीत फरक निघाला. पाणसळ लावली तर एक मनोरा 6 मिमीनं खाली होता. प्लेटची जाडी 3.2 मिमी असते. चौकटीखाली दोन थर प्लेट सरकवल्या आणि काम झालं. तिथे दुसरं काही शोधायची गरज पडली नाही.

खांबांच्या आतल्या विटा दाखवायच्या की झाकायच्या, यावर आदल्या रात्री वाद झाला होता. दादांना खांब बाहेरून करडे हवे होते, दगडी वाटावेत असे. शेवटी तीन बाजू करड्या आणि समोरची बाजू पारदर्शक तावदानांची केली. आतला पिवळा-निळा-हिरवा, चरे पडलेला ढीग दिसत राहिला. लोक पुलापेक्षा तिथे जास्त वेळ थांबले. "हे का भरलंय?" हा प्रश्न दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळा आला, आणि त्याचं उत्तर देता देता आम्ही तिघांनी हात पसरून ते छायाचित्र किती वेळा करून दाखवलं त्याला गणती नाही. दादांनीही केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकाचा खांद्याला लावलेला पट्टा टेबलाच्या कोपऱ्यात अडकला आणि टेबल जोरात हललं. मधला गाळा सरकत्या टोकावरून निसटून खाली आला. त्यातल्या बऱ्याच टाइल उडाल्या, एक बाजू मोडली. बाहू आणि मनोरे जागेवरून हलले नाहीत. गाळा पाऊण तासात पुन्हा बांधून वर ठेवला. गाळा टेकवण्याऐवजी घट्ट जोडलेला असता तर त्यानं पडताना दोन्ही बाहूंना ओढून नेलं असतं, असं मला वाटतं. पण सरकत्या टोकाला पुढे एक अडणी ठेवली असती तर तो पडलाच नसता. तेवढा विचार आम्ही केला नव्हता.

समारोपाला मोजलेला झुकाव 5 मिमी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य: अख्खा पूल बांधण्याआधी एक बाहू आणि एक मनोरा बांधून टोकाला वजन टांगून आठवडाभर ठेवायला हवा होता. रंग कुठलाही चालला असता. त्याला जेमतेम दोन हजार तुकडे लागले असते. मनोरा तेव्हाच कलला असता, आणि आराखडा बदलायला पाच आठवड्यांऐवजी पाच महिने मिळाले असते. पहिला दिवस आणि सातवा दिवस, दोन्ही आकडे घ्यायचे. एकट्या पहिल्या आकड्यावरून काही कळत नाही.

प्रतिकृतीची हद्द ठरवताना आम्ही फक्त दिसण्याचा विचार केला. इमारतीचा दर्शनी भागच बांधला तर फारसं बिघडत नाही, कारण भिंत भिंतीसारखीच उभी राहते. पण पूल, यारी, झाडाची फांदी, पंख पसरलेला पक्षी यांत एक बाजू दुसरीला तोलून धरत असते. कापायचं असेल तर काय कापतो आहोत याचा हिशोब आधी मांडावा लागतो.

बाहेरचं साहित्य चालेल की नाही, हा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारलाच नाही. प्रत्येकानं आपलं उत्तर गृहीत धरलं. तो वाद शांतपणे सात महिने आधी झाला असता तर कदाचित मीच सळईच्या विरुद्ध बोललो असतो. मुदत जवळ आल्यावर माणूस पर्यायापेक्षा स्वतःचं म्हणणं जपायला लागतो, निदान माझं तसं झालं.

आणि ते पाच दिवस. 19 मिमी मोजल्यावर मी दादांना आकडा सांगितला, पण 'मनोऱ्याच्या पायाखाली बघू या' असं म्हणायला मला अपघातानं सरकलेला कागद लागला. माप माझ्याकडे होतं, ते सगळीकडे घ्यायला हवं होतं. झुकलेल्या जागीच मोजत राहिलो.

गडद लाल जुन्या क्लिपांबद्दल आता आमचा एक साधा नियम आहे: त्या फक्त शोभेला, भाराला कधीच नाही.

पुलाचे तुकडे परत डब्यांत गेले आहेत. ताईंनी दीपगृह छायाचित्रांवरून पुन्हा उभं केलं, या वेळी थोडं उंच. दोन्ही खांब मात्र तसेच दादांच्या खोलीत आहेत, तावदानं समोर करून ठेवलेले. अर्ध्यावर कापलेला बाहू त्यांना अजून सलतो. मागच्या रविवारी त्यांनी पूर्ण लांबीच्या बाहूची यादी पाठवली आहे, आणि यादीच्या वर पहिल्याच ओळीत मनोऱ्याचं, बाहूचं आणि खांबाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं आहे.